ओठ जुळले तरी गाणं का जुळत नाही? पहिल्या म्युझिक व्हिडिओविषयी एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीकडच्या एका तरुण संगीतकाराने स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं चार मिनिटांचं गाणं रेकॉर्ड करून घेतलं. आठ मात्रांचा ठेका, लय मिनिटाला १०० मात्रांची. व्हिडिओ मित्राच्या मिररलेस कॅमेऱ्यावर आणि एका फोनवर शूट केला, अर्धा दिवस समुद्रावर आणि अर्धा दिवस गावातल्या हॉलमध्ये. लोक जमले म्हणून गायक लाजून नुसते ओठ हलवत होता. आता एडिटला बसल्यावर ओठ कुठे जुळतात, कुठे घसरतात; फोनवरचे शॉट सुरुवातीला जुळतात आणि शेवटाकडे घसरतात. हॉलमधल्या शॉटमध्ये काळपट पट्टे सरकताना दिसतात. स्लो मोशनमध्ये गाणारा चेहरा काही केल्या बसत नाही. कट किती वेळाने मारावा, व्हिडिओ आडवा ठेवावा की उभा, आणि सगळं पुन्हा शूट करावं लागेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी व्हीसीडीच्या जमान्यापासून गाण्यांचे व्हिडिओ करतो आहे. कोळीगीतं, भक्तिगीतं, लावण्या, अलीकडे तरुण मुलांची स्वतंत्र गाणी. या सगळ्या चुका मी केलेल्या आहेत, म्हणून मुळापासून सांगतो.

चित्रपटात एका शॉटला दुसरा जोडताना आपण जागा आणि हालचाल सांभाळतो. चहाचा कप उजव्या हातात असेल तर पुढच्या शॉटमध्येही उजव्याच हातात हवा. म्युझिक व्हिडिओत हे बंधन जवळजवळ सुटतं. ओळीच्या पहिल्या शब्दाला गायिका किनाऱ्यावर निळ्या साडीत, तिसऱ्या शब्दाला हॉलमध्ये पिवळ्या साडीत. कुणालाही खटकत नाही, कारण सलगता गाण्याने धरून ठेवलेली असते. दिवसाची रात्र झाली तरी चालते. शब्द तुटला की मात्र प्रेक्षक त्या क्षणी गाण्याबाहेर पडतो. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं म्हणजे फ्रेम टिपल्या जातात ते), प्लेबॅक (शूटच्या वेळी स्पीकरवर वाजवायचं रेकॉर्ड केलेलं गाणं), शॉटची लांबी, कट हे सगळे संकेत या एका गोष्टीवर उभे आहेत.

त्यामुळे शूटच्या आधी गाण्याची लय आणि लांबी पक्की हवी. मिक्स नंतर बदललं तरी हरकत नाही, बासरी वाढवा, ढोलकी कमी करा. पण एकदा असं झालं की शूटनंतर आलेल्या फायनल फाइलमध्ये दुसऱ्या अंतऱ्याआधीचा म्युझिक पीस दोन आवर्तनांनी (आवर्तन म्हणजे ठेक्याचा एक पूर्ण फेरा) छोटा केलेला होता. चौदा मुलींनी तीन दिवस तालीम करून बसवलेला नाच त्या दोन आवर्तनांत होता. तो कापावा लागला आणि त्या मुलींना तोंड कसं दाखवावं हे मला कळेना. तेव्हापासून लांबी लॉक झाल्याचं लेखी आल्याशिवाय मी कॅमेरा बाहेर काढत नाही.

आता ओठांकडे येतो. लाजून ओठ हलवले, हा तुमचा पहिला बिघाड आहे आणि तो एडिटमध्ये दुरुस्त होत नाही. वाईच्या एका वाड्यात आम्ही शूट करत होतो. गायिका स्वतःचंच गाणं तोंडातल्या तोंडात म्हणत होती. मॉनिटरवर ओठ अचूक जुळत होते. मी टेक ओके करणार, एवढ्यात चहा घेऊन आलेल्या वाड्यातल्या आजी म्हणाल्या, "ही गातेय कुठे? पुटपुटतेय." मी पुन्हा पाहिलं. ओळ सुरू होण्याआधी श्वास भरला जात नव्हता. गळ्याच्या खालची खळी हलत नव्हती. तार षड्जाला (वरच्या सा ला) हनुवटी आहे तिथेच होती. मग स्पीकरचा आवाज दुप्पट केला आणि तिला सांगितलं, रियाजाला बसल्यासारखी पूर्ण गळ्याने गा, तुझा आवाज कुणाला ऐकू येणार नाही. पुढच्या टेकला ओळीच्या आधी खळी आत गेली, वरच्या सुरावर मानेची शीर उठली, मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, भुवई आपोआप चढली. आजी चहाचा ट्रे हातात धरून शेवटपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

आपल्या प्रेक्षकाची नजर या बाबतीत फार तयार आहे. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला तेव्हा गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात होते. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी पार्श्वगायनाचा वापर केला आणि पुढे तीच आपली रीत झाली. म्हणजे पिढ्यानपिढ्या आपण आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजावर गाणारे चेहरे पाहत आलो आहोत. खोटं कुठे आहे हे घरातल्या माणसाला शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याला ते कळतं. म्हणून नियम एकच: कलाकाराने मोठ्याने, खऱ्या श्वासाने गायचं. लोक जमले असतील तर त्यांना विनंती करून गायकाच्या नजरेबाहेर उभं करा. पहिला एक टेक नुसता लाज मोडण्यासाठी घ्या.

प्लेबॅकची फाइल कशी असावी? व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एमपी३ नको. ४८ किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही फाइल घ्या. गाण्याआधी लयीतच चार टोले टाका, म्हणजे गायकाला उठाव मिळतो. मुखडा, पहिला अंतरा, दुसरा अंतरा यांच्या वेगळ्या फाइलीही करून ठेवा, प्रत्येकीच्या आधी एक पूर्ण आवर्तन सोडून. नाहीतर एका ओळीसाठी दरवेळी तीन मिनिटं गाणं वाजवत बसावं लागतं आणि कलाकाराचा जीव त्यातच जातो.

स्पीकर कलाकाराजवळ ठेवा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण समुद्रावर तुमची गडबड बहुधा इथेच झाली असणार. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा ३४ मीटर लांब लावला आणि स्पीकर गायकापाशी असेल, तर गायक बरोबर गातो, पण कॅमेऱ्याच्या माइकवर आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. २५ फ्रेमच्या हिशोबाने अडीच फ्रेम. मग सॉफ्टवेअरने आवाजावरून सिंक लावला, म्हणजे चित्र गाण्याशी जुळवलं, की ओठ गाण्याच्या पुढे धावतात. स्पीकर कॅमेऱ्याजवळ असेल तर उलटं होतं: गायकालाच गाणं उशिरा ऐकू येतं आणि ओठ मागे पडतात. लांबच्या शॉटला आवाजावरून सिंक लावल्यावर हा फरक हाताने दोन-तीन फ्रेम सरकवून काढायचा असतो.

आणखी सोपा उपाय आहे. गाण्याचा एक साधा व्हिडिओ बनवा: काळी पाटी, त्यावर पळणारा टाइमकोड (वेळेचा आकडा), मागे गाणं. तोच व्हिडिओ फोनवरून स्पीकरला जोडून प्लेबॅक म्हणून वाजवा. प्रत्येक टेकला कॅमेरा सुरू झाला की आधी फोनचा पडदा सेकंदभर कॅमेऱ्याला दाखवा, मग कलाकाराकडे वळा. गाण्याचा नेमका कुठला क्षण चालू होता हे चित्रातच नोंदलं जातं. वाऱ्याने माइक भरून गेला तरी बिघडत नाही. एकच काळजी घ्या: स्पीकर त्या फोनला वायरने जोडा, ब्लूटूथने जोडलात तर पडद्यावरचा आकडा आणि ऐकू येणारा आवाज यांत फरक पडतो.

तरीही शेवटचा निवाडा डोळ्यानेच करावा लागतो, आणि त्यासाठी आपली बाराखडी उपयोगी पडते. प, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. (फ सोडून द्या, तो बरेच जण ओठ पूर्ण न मिटता म्हणतात.) समजा ओळ अशी आहे: "माझ्या मनाच्या बंदरी पाऊस भरून आला." म, म, ब, प, भ, एका ओळीत पाच खुंट्या मिळाल्या. टाइमलाइनवर (एडिटच्या सॉफ्टवेअरमधल्या पट्टीवर) फ्रेम-फ्रेम पुढे जा आणि 'पाऊस'मधला प फुटण्याच्या अगदी आधीच्या फ्रेमला ओठ मिटलेले आहेत का ते बघा. या खुंट्या बरोबर बसल्या की मधले स्वर आपोआप बसतात. आ, ए, ओ यांच्यावरून सिंक तपासायला गेलात तर तासभर फसत राहाल.

चूक किती चालते, तेही सांगतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला जाणवायला लागतं, उशिरा आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज पुढे असेल तर एक फ्रेमची मुभा, मागे असेल तर तीनची. हे निसर्गाला धरूनच आहे. लांबवर धोबी कपडे आपटतो तेव्हा हात आधी दिसतो, आवाज मागून येतो. म्हणून शंका आली की आवाज अर्धा-एक फ्रेम मागे असलेला बरा. आणि हे तपासताना वायरलेस हेडफोन लावू नका, त्यांच्यातच उशीर असतो. मी एकदा अख्खं गाणं त्या उशिराला जुळवून चुकीचं बसवलं होतं.

फोनवरचे शॉट सुरुवातीला जुळतात आणि शेवटाकडे घसरतात, असं तुम्ही म्हणता. त्याचं कारण फोनचा फ्रेम रेट स्थिर नसतो. उजेड कमी झाला की तो स्वतःहून बदलतो. फ्रेम रेट लॉक करणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा. आधीच घेतलेल्या क्लिप हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून २५ वर काढून घ्या आणि मग टाइमलाइनवर आणा. बहुतेक घसरण तिथेच थांबेल.

आता स्लो मोशन. यात गूढ काही नाही, नुसतं त्रैराशिक आहे. तुमची टाइमलाइन २५ फ्रेमची. शॉट ५० फ्रेमने घेतला आणि २५ ने दाखवला की सगळं निम्म्या वेगाने दिसतं. मग ओठ गाण्याबरोबर यायला हवेत तर शूट करताना गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गायकाने दुप्पट वेगाने गायचं. चार मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत संपतं. पडद्यावर केस, पदर, लाटा सगळं तरंगतं, आणि ओठ मात्र मूळ लयीत गातात. तुम्ही मूळ वेगाच्या प्लेबॅकवर ५० फ्रेमने शूट केलं, म्हणून ते बसत नाही आणि बसणारही नाही.

दुप्पट वेगाची फाइल आधीच तयार करून न्या. करताना सूर तसाच राहील असा पर्याय निवडा. नाहीतर आवाज उंदरासारखा चिरका होतो आणि गायकाला हसू आवरत नाही. दुप्पट वेगाला जोडाक्षरं तोंडात गोळा होतात, 'स्वप्नांच्या' म्हणता म्हणता पुढची ओळ येते. म्हणून अशा शॉटसाठी लांब सूर असलेल्या, शब्द कमी असलेल्या ओळी निवडा. गर्दीची ओळ असेल तर ३० फ्रेमने घ्या आणि गाणं १२० टक्के वेगाने वाजवा. हालचालीला किंचित मऊपणा येतो, प्रेक्षकाला स्लो मोशन आहे हे कळतही नाही. चेहऱ्याच्या क्लोजअपला मला हाच वेग सगळ्यात आवडतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत २५-५० आणि ३०-६० हे वेगळ्या प्रणालीत असतात, एकातून दुसऱ्यात जाताना मेनूमधून 'पाल' आणि 'एनटीएससी' हा पर्याय बदलावा लागतो. हे घरी करून बघा, सेटवर नको.

हॉलमधले पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. प्रत्येक फ्रेमने पूर्ण एक किंवा पूर्ण दोन झगमगी पकडल्या तर उजेड सारखा येतो; म्हणून शटर स्पीड, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवायचा. १/६०, १/१२० किंवा ऑटो ठेवला की पट्टे आलेच. ३० किंवा ६० फ्रेमने शूट करतानाही आपल्याकडे ट्यूबखाली १/५० किंवा १/१०० हेच धरायचं, फक्त ६० फ्रेमला १/५० मिळत नाही, तिथे १/१००. १०० फ्रेमच्या वर गेलात तर ट्यूब बंद करून चांगले व्हिडिओ लाइट लावण्याशिवाय गत्यंतर नाही.

स्वस्त एलईडी आणि मांडवातल्या रोषणाईचं गणित वेगळं असतं, तिथे १/५० ही हमी नाही. म्हणून शूटच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये जा, सगळे दिवे लावा, शूटमध्ये वापरणार त्या प्रत्येक फ्रेम रेटवर दहा-दहा सेकंद घ्या आणि मोठ्या पडद्यावर बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे. माझा एकदा एका सभागृहातला पूर्ण दिवस यामुळे वाया गेला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर काही दिसलं नव्हतं, रात्री घरी टीव्हीवर लावलं तेव्हा प्रत्येक चेहऱ्यावरून सावली सरकत होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन करताना हात कापत होते.

आता कट. इथे मी तुम्हाला कागद घ्यायला सांगणार आहे. तुमची लय १००, म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदाची, २५ फ्रेमच्या हिशोबाने बरोबर १५ फ्रेम. आठ मात्रांचं आवर्तन ४.८ सेकंदांचं. चार मिनिटांच्या गाण्यात पन्नास आवर्तनं. एका मोठ्या कागदावर पन्नास ओळी आखा. प्रत्येक ओळीत वेळ, त्या आवर्तनातले शब्द किंवा वाद्य, आणि डोळ्याला काय दिसणार ते लिहा. तिसऱ्या रकान्यात जिथे काही सुचत नाही तिथे रिकामं सोडा. शूटच्या दिवशी त्या रिकाम्या जागा बघून शॉट शोधायचे. मी अजूनही असंच करतो, वहीचं पान बदलून लेजरचं पान वापरतो एवढाच फरक.

हा कागद पाहिला की कट किती वेळाने मारायचा हे गाणंच सांगतं. प्रत्येक मात्रेवर कट मारण्याचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या वीस सेकंदांत तो छान वाटतो आणि मग डोळा दमतो, कारण ठेका कानाला आधीच कळलेला असतो, तोच डोळ्याला परत सांगण्यात काही मिळत नाही. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा चेहरा निदान एक पूर्ण आवर्तन राहू द्या, लोकांना गाणारा माणूस भेटू द्या. म्युझिक पीसमध्ये अर्ध्या, पाव आवर्तनावर या. नवीन जागा, नवीन कपडे, गोष्टीतला नवा प्रसंग यांचा आपल्याकडचा संकेत असा की तो म्युझिक पीसमध्ये उघडायचा, म्हणजे अंतरा सुरू होईपर्यंत डोळा त्या जागेत रुळतो. मोठा कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर घ्या, पण अगदी समेच्या फ्रेमला नको, एक-दोन फ्रेम आधी. डोळ्याला नवं चित्र समजायला तेवढा वेळ लागतो, आणि मग थाप पडते तेव्हा चित्र आधीच तयार असतं.

गोष्ट आणि गाणं एकत्र विणायचं असेल तर नजरेचा एक नियम ठरवा. गायक म्हणून कॅमेऱ्यासमोर असताना थेट भिंगात बघायचं, गोष्टीतलं पात्र म्हणून असताना कधीच नाही. एवढं पाळलं की तोच माणूस दोन्हीकडे असला तरी प्रेक्षकाचा गोंधळ होत नाही. तुमच्या गाण्यात शेवटच्या मुखड्याला पात्राने पहिल्यांदा भिंगात पाहिलं, तर ते कुठल्याही क्रेन शॉटपेक्षा जास्त लागेल.

वादक दाखवणार असाल तर खरे वादक दाखवा. गाण्यात ढोलकीच्या शाईवरचा (उंच आवाजाच्या बाजूचा) कडक बोल वाजतो आहे आणि पडद्यावरचा हात धुमावर (खर्जाच्या बाजूवर) पडतो आहे, हे ढोलकी ओळखणाऱ्या माणसाला बघवत नाही. गावात भजनी मंडळ असेलच. त्यांच्यातल्या वादकाला गाणं आठवडाभर आधी द्या, तो आनंदाने बसवेल.

एका कॅमेऱ्यावर काम करताना शूटचा क्रमही महत्त्वाचा. प्रत्येक जागी आधी पूर्ण गाण्याचा वाइड (लांबून घेतलेला) टेक, मग पूर्ण गाण्याचा मिड (साधारण कमरेपासून वरचा), मग चेहऱ्याचा क्लोजअप, आणि शेवटी हात, पाय, वाद्य, लाट, दार असे तुकडे. क्लोजअप शेवटी ठेवायचा कारण तोवर गायक मोकळा झालेला असतो, पण इतकाही शेवटी नको की आवाज बसून डोळे थकलेले असतील. चार मिनिटांच्या गाण्याचे पूर्ण टेक माझ्या हातून तासाला तीन, फार तर चार होतात. दिवसाचा हिशोब त्यावर करा. टाइमलाइनवर सगळे टेक गाण्याखाली एकावर एक रचा, सगळे सिंकमध्ये, आणि मल्टिकॅमसारखे (अनेक कॅमेऱ्यांतून एक निवडावा तसे) गाणं चालू ठेवून निवडत जा. पहिली निवड अशी सलग, न थांबता करा. तेव्हा हात जिथे आपोआप जातो ते टेक सहसा बरोबर असतात.

आडवा की उभा? मुख्य व्हिडिओ १६:९ ठेवा. चित्रपटाचा भास व्हावा म्हणून वर-खाली काळे पट्टे देण्याची फॅशन आहे. फोनवर बघणाऱ्याला तेवढं चित्र लहान मिळतं, म्हणून या गाण्याला मी ते देणार नाही. उभ्या तुकड्यांसाठी वेगळं शूट करायची गरज नाही. ४के म्हणजे ३८४० बाय २१६० मध्ये शूट केलंत तर त्यातून १२१५ बाय २१६० चा उभा तुकडा निघतो, रीलला लागणाऱ्या १०८० बाय १९२० पेक्षा तो मोठाच आहे. फक्त मॉनिटरवर दोन बारीक चिकटपट्ट्या लावून मधली उभी चौकट आखून घ्या आणि मुखड्याच्या टेकला गायक त्या चौकटीत राहील असं बघा. उभ्या तुकड्यात खालच्या भागावर अ‍ॅपची अक्षरं येतात, तिथे शब्द किंवा चेहरा ठेवू नका.

नावांबद्दल आग्रहाने सांगतो. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं, तेव्हापासून व्हिडिओच्या सुरुवातीला आणि शेवटी खालच्या डाव्या कोपऱ्यात गाणं आणि कलाकार यांची नावं देण्याचा प्रघात सगळीकडे पसरला. आपल्याकडे आता कंपनीचा लोगो मोठा आणि ढोलकीवाल्याचं नाव कुठेच नाही, असं होऊन बसलं आहे. व्हिडिओखालच्या मजकुरात नाव दिलं म्हणजे झालं असं नाही, तो मजकूर कोण उघडतं? गीत, संगीत, गायन, वादक, कॅमेरा, संकलन ही नावं चित्रावर द्या. सहा सेकंद लागतात.

समुद्राचं थोडं. आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो. संध्याकाळी गायक समुद्राकडे तोंड करून उभा राहिला तर चेहऱ्यावर सोनेरी उजेड, पाठ करून उभा राहिला तर छायाकृती. दोन्ही शॉट त्याच अर्ध्या तासात घेता येतात, आधी ठरवलं असेल तर. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे परवा मोकळी दिसलेली पुळण शूटच्या दिवशी पाण्याखाली असू शकते. बंदरावरच्या माणसाला विचारा, तो कागद न बघता वेळ सांगेल. ड्रोन हवाच असेल तर परवाना असलेल्या चालकाकडूनच उडवा, आणि त्याने डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा हिरव्या क्षेत्रात आहे हे आधी बघितलेलं असू द्या. किनाऱ्यावर नौदलाच्या, तटरक्षक दलाच्या आणि विमानतळाच्या जागा आहेत. ड्रोनवर आवाज रेकॉर्ड होत नाही, तेव्हा त्या टेकला गायकाने ओळ सुरू व्हायच्या ठरलेल्या मात्रेवर डोक्यावर हात नेऊन एक टाळी द्यावी. वरून ती दिसते, तेवढ्यावर सिंक लागतो.

आता शेवटचा प्रश्न, सगळं परत करायचं का. नाही. समुद्रावरचे वाइड शॉट ठेवा. लांबून ओठ दिसत नाहीत आणि दोन-तीन फ्रेम सरकवून ते बसतील. ५० फ्रेमने घेतलेले शॉट गाणाऱ्या चेहऱ्याचे म्हणून वापरू नका. त्यातले जिथे तो गात नाही, वळतो, बघतो, चालतो, ते तुकडे म्युझिक पीसला लावा, तिथे ते शोभतील. हॉलमधले पट्टे असलेले शॉट डी-फ्लिकरच्या, म्हणजे झगमग कमी करणाऱ्या, प्लगइनने थोडे सुधारतात, पण चेहऱ्यावरची सावली पूर्ण जात नाही. वाद्यांचे आणि हातांचे वाचतील तेवढे वाचवा, चेहऱ्याचे सोडून द्या.

फक्त गायकाचे मिड आणि क्लोजअप नव्याने करा. त्याला अर्धा दिवस पुरे. हॉलचीच एखादी मोठी पूर्वेकडची खिडकी बघा, सकाळी आठ ते दहा, दिवे सगळे बंद, खिडकीवर पांढरा पंचा ताणलेला. शटर १/५०. स्पीकर गायकाच्या पायाशी, आवाज भरपूर. पहिला टेक मूळ वेगाने, दुसरा ३० फ्रेमवर १२० टक्क्यांच्या फाइलवर, तिसरा पुन्हा मूळ वेगाने आणि या वेळी डोळे मिटून. खोलीत तुम्ही, कॅमेरामन आणि गायक एवढेच असा. बाहेरचं दार लावून घ्या आणि त्याला गाऊ द्या.